बारा मिनिटांची गोष्ट

टेपमधला बायकोचा आवाज भलताच भरभर आला आणि त्याचा हात आपोआप क्लॉकच्या बटणाकडे गेला. "घ्या, झाली माती," तो स्वतःशीच म्हणाला. चूक त्याचीच होती. काल दिवसभर या खोलीत एका सिनेमाच्या डबिंगचं काम चाललं होतं, ते अठ्ठेचाळीस हजारावर. आणि आज सकाळी घरच्या माळ्यावरून उतरवलेला, फडक्याने तीनदा पुसलेला जुना डिजिटल टेप-रेकॉर्डर त्याने जोडला तो तसाच, कालचं क्लॉक न बदलता. आतली टेप चव्वेचाळीस हजार शंभरची. म्हणजे टेप बिचारी चालणार होती आपल्या चालीने आणि स्टुडिओ तिला पाठीमागून ढकलत होता. एकतीस वर्षं रेकॉर्डिस्ट म्हणून काढलेल्या माणसाने करायची ही चूक नव्हे. नव्याने कामाला लागणाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात तो हे घोकून घ्यायचा: डिजिटल यंत्र म्हटलं की त्याच्या पोटात एक घड्याळ असतं, ते सेकंदाला इतके हजार वेळा आवाज मोजतं. एकटं असेल तर खुशाल चालू दे आपल्या घड्याळाने. पण दोन यंत्रं तारेने जोडलीत की कुणा एकाचंच घड्याळ खरं धरायचं आणि बाकीच्यांनी मुकाट त्याच्यामागून चालायचं. दोघंही शहाणे झाले की संपलं. स्टुडिओत पाठीमागे सगळे त्याला 'काटा' म्हणायचे ते काही उगाच नाही. तर काटासाहेबांचं बोट बटणावर टेकलं आणि तिथेच राहिलं. बायकोच्या आवाजाखाली, मागे कुठेतरी, एक भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. त्यांच्या जुन्या घरातलं, स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं. आणि इथे समोर, काचेच्या वर, स्टुडिओचं बिनआवाजाचं घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा उडी मारायचा आणि मागोमाग टेपमध्ये टिक्. उडी, टिक्. उडी, टिक्. दोघांत जे काही अंतर होतं ते तेवढंच राहत होतं, वाढत नव्हतं, घटत नव्हतं. असं त्याने चांगलं मिनिटभर बघितलं आणि मग घाबरून टेप थांबवली.

घाबरायचं काय त्यात? असं स्वतःला विचारून झालं. उठून पाणी पिऊन झालं. मग त्याने क्लॉक चव्वेचाळीस हजार शंभरवर आणलं, टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. "एक होता टॉवेल," बायको म्हणाली, आणि त्याला हायसं वाटलं. हीच ती. जड, सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवून मग दुसरा उचलणारी. हाच आवाज घरात सव्वीस वर्षं लागत आला होता, हाच आधी सीडीवर गेला, मग कॉम्प्युटरवर, मग लेकीच्या फोनवर. पण डोळे त्या भिंतीवरून हटेनात. काटा उडी मारत होता आणि टिक् मागे पडत होती, आणखी मागे पडत होती, मग दोघांचा काही संबंधच उरला नाही. त्याने टिकटिक मोजली. साठ टिक् होईपर्यंत इथल्या काट्याने पासष्ट घरं ओलांडली होती. पुन्हा मोजली. पासष्ट. तिसऱ्यांदा मोजताना तो मुद्दाम मोठ्याने आकडे म्हणाला, जणू कुणी साक्षीला होतं. पासष्टच. आता एक शक्यता होती की घरचं घड्याळच मंद असेल, आणि या शक्यतेला तो क्षणभर जीव खाऊन लोंबकळला. पण मिनिटाला पाच सेकंद मागे पडणारं घड्याळ दिवसाअखेर दोन तास मागे पडतं. असलं घड्याळ त्या भिंतीवर आठवडाभरसुद्धा टिकलं नसतं, तिने ते फेकून दिलं असतं, आणि आधी त्याला चार शब्द सुनावले असते. घड्याळ बरोबर होतं. चुकत होता तो आवाज. म्हणजे मघाशी जी चूक झाली होती तीच बरोबर होती, आणि सव्वीस वर्षं जे बरोबर म्हणून चाललं होतं ती चूक. हे वाक्य त्याने मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते सारखंच वेड्यासारखं वाटलं.

ती चूक मुळात कशी झाली असेल, हे मात्र त्याला पाच मिनिटांत कळलं. धंद्यातलंच होतं ते. बायकोला चार दिवसांसाठी दवाखान्यात जायचं होतं. ऑपरेशन अगदी साधं. लेक दोन वर्षांची, आईने गोष्ट सांगितल्याशिवाय डोळा मिटायची नाही. तेव्हा ठरलं की एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवू, चार दिवस तीच लावू. साधा माइक रेकॉर्डरला लावला असता तरी चाललं असतं, पण नाही. नवरा रेकॉर्डिस्ट ना. चांगल्यातलं चांगलं हवं म्हणून त्याने स्टुडिओतला कन्व्हर्टर, आवाजाचे आकडे करणारा तो जडजूड डबा, परवानगी काढून घरी नेला होता. आणि तो डबा स्टुडिओच्या कामातून आलेला, अठ्ठेचाळीस हजारावर लावलेला. रेकॉर्डर त्याच्यामागून मुकाट चालला, पण टेपवर नोंद केली ती आपल्या बटणाप्रमाणे, चव्वेचाळीस हजार शंभर. मोजलं एकाने, लिहिलं दुसऱ्याने, म्हणून एकट्या रेकॉर्डरवर ती टेप कायम हळू आणि जड वाजणार. कन्व्हर्टरवर एक बारीक हिरवा दिवा असतो, तो नुसता बघितला असता तरी कळलं असतं. का नाही बघितला? दुसऱ्याचं रेकॉर्डिंग असतं तर तीनदा बघितला असता. आणि नंतर लावून ऐकलं असणारच, ऐकल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. पण तेव्हा तार जोडलेलीच होती, घड्याळ कन्व्हर्टरचंच होतं, म्हणून ते बरोबरच आलं असणार. असणार, असणार. त्याच्या लक्षात आलं की हे सगळं तो हिशेबाने मांडतोय, आठवत त्यातलं काहीच नाहीये. कुठल्या खोलीत ती बसली होती? अंगावर काय होतं? माइक कशावर ठेवला होता? काही म्हणता काही नाही. डोळे मिटले की नुसता तो हिरवा दिवा दिसत होता, आणि तो तर त्याने बघितलाच नव्हता.

चार दिवसांचं ते काम संपलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि सहाव्या दिवशी ती गेली. त्याच्याआधीच कन्व्हर्टर त्याने स्टुडिओला परत केला होता, वेळेवर. मग धाकटी मेहुणी राहायला आली ती लेक शाळेत जायला लागेपर्यंत राहिली. एकदा पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा तिनेच विचारलं, "भावोजी, ती टेप आहे ना?" टेप लागली. पहिल्या वाक्याला मेहुणीने तोंडाला पदर लावला. "किती थकली होती हो ताई! आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही." त्यालाही आवाज वेगळा वाटला होता. खोटं कशाला बोला, कानाला खटकला होता. पण त्या दिवसांत त्याला सगळंच जड आणि सावकाश ऐकू यायचं, दाराची घंटासुद्धा. आजारपणाने आवाज उतरला असेल, असं मेहुणी म्हणाली आणि त्याने ते धरून ठेवलं. पोर मात्र बाराव्या मिनिटाला गाढ झोपली. तेव्हापासून ती 'बारा मिनिटांची गोष्ट' झाली. आणि खरी गोष्ट अशी, जी त्याने कुणाला कधी सांगितली नव्हती, की टेप लागली की तो खोलीतून उठून जायचा. भांडी घासायचा, कपडे वाळत घालायचा, नाहीतर जिन्यात जाऊन उभा राहायचा. सगळ्या गावाचे आवाज दोनदोनदा ऐकून मगच हातावेगळे करणारा माणूस, पण हे एक रेकॉर्डिंग त्याने शेवटपर्यंत कधी ऐकलं नाही. पुढे त्याच्या किती नकला काढल्या, सगळ्या अचूक, एकही आकडा इकडचा तिकडे न होता. चूक त्याने फार व्यवस्थित जपली होती.

छकू चार वाजता येणार होती. त्याची लेक, आता अठ्ठावीस वर्षांची, दातांची डॉक्टर. तिच्या आवाजानेच पेशंटचा जबडा सैल पडतो, इंजेक्शनची गरजच लागत नाही, असं तिच्या दवाखान्यातली मदतनीस सांगत असते. जावई म्हणतो, हिचं एक वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो. लहानपणापासून ती तशीच, खालच्या पट्टीत, सावकाश, शब्द खाली ठेवून मग दुसरा उचलणारी. शाळेत बाई म्हणायच्या, ही मुलगी चाळिशीचीच जन्माला आलीय. आणि मेहुणी दर वेळी डोळे पुसून म्हणायची, "आईचाच आवाज घेऊन आलीय हो पोरगी." याच्यावर ती जगली होती. बाकी आईचं तिच्याकडे होतं काय? चार फोटो, एक स्वेटर. आठवण एकही नाही. दोन वर्षांच्या मुलीला कसली आठवण असणार? पण आवाज होता, आणि तो नुसता ऐकायला नव्हता, तिच्या स्वतःच्या गळ्यात होता. आता तिला तीन महिन्यांची मुलगी होती. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "बाबा, फोनमधलं फार घासलेलं वाटतं. मूळ टेपवरून एक स्वच्छ कॉपी काढून दे ना. हिलाही तीच लावीन." म्हणून तर आज माळ्यावरून हे सगळं उतरवलं होतं. आणि आता चार वाजता तिला सांगायचं की बाळ, तो आवाज तुझ्या आईचा नव्हे? मग कुणाचा? असा आवाज कुणाचाच नव्हता. अशी बाई या जगात कधी जन्मालाच आली नव्हती.

त्याने पुन्हा अठ्ठेचाळीस हजारावर लावून ऐकलं. यावेळी पूर्ण, हात मांडीखाली दाबून. "एक होता टॉवेल. तो होता भित्रा." दोरीवरून उडालेला टॉवेल आपला हरवलेला चिमटा शोधत गच्च्यागच्च्यांवरून हिंडतो, सगळ्यांना विचारतो, माझा चिमटा पाहिलात का? त्याला वाटत होतं तेवढी ती गोष्ट उदास नव्हती. कावळ्याचा आवाज ती कावळ्यासारखा काढत होती. सावकाश टेपमध्ये तो कावळा म्हातारा, दमेकरी वाटायचा. इथे तो चक्क आगाऊ होता. मधेच तिने श्वास घेतला तो थकून नव्हे, पुढचं सुचावं म्हणून. ही बाई थकलेली नव्हती. ही कुणाचा निरोपबिरोप घेत नव्हती. ही एक तरतरीत, जराशी किनऱ्या आवाजाची, घाईत असलेली मुलगी होती, आणि त्याला ती ओळखूच येईना. अकरा मिनिटं आणि दीड सेकंदात गोष्ट संपली. तो खुर्चीत मागे रेलला आणि तिला टेपबाहेर आठवायला लागला. पडद्यांवरून झालेलं भांडण आठवलं: तिला हिरवे हवे होते, त्याला कुठलेही चालणार होते, आणि 'कुठलेही' म्हणाला म्हणूनच भांडण झालं होतं. पण तिथेही ती त्या जड, बारा मिनिटांच्या आवाजात भांडत होती. एक एक शब्द खाली ठेवून. असं कोण भांडतं? फोनवरची ती आठवली, लग्नाआधीची, दुकानाबाहेरच्या फोनवरून बोलणारी. तिथेही तोच आवाज. पहिल्यांदा भेटली तेव्हाही. सगळीकडे हा आवाज आधीच जाऊन बसला होता, आणि त्याच्याखाली काय होतं ते पुसून गेलं होतं. सहा वर्षं जिच्याशेजारी झोपला तिचा आवाज या माणसाला आठवत नव्हता, आणि कानावर तर याचं पोट चालत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना.

मेहुणीला फोन लावला. "बोला भावोजी. छकू पोचली का?"

"नाही, चारला येईल. मला एक सांग, तुझी ताई बोलायची कशी?"

"कशी म्हणजे? तोंडाने."

"चेष्टा नको गं. भराभर बोलायची की सावकाश?"

"सावकाश," ती लगेच म्हणाली. "शांत. टेपमध्ये आहे ना, तश्शी."

"टेप सोड. टेप नव्हतीच असं समज."

"असं कसं समजू?" मग ती आठवायला लागली. "लहानपणी आई म्हणायची, अगं, कुणी पाठीला लागलंय का तुझ्या, जरा दमाने बोल. ते तिला म्हणायची का? की मला? मलाच असेल. मीच बडबडी. ताई तर... थांबा हं. नाही बाई. मला आता काही सांगता यायचं नाही. भावोजी, तुम्ही तिचे नवरे ना? मला काय विचारता? बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे," म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं एकट्याचं नव्हे, सगळ्यांचंच पुसून झालं होतं.

तीन वाजले, सव्वातीन वाजले. कॉम्प्युटरवर दोन फाइल करून ठेवल्या होत्या, एकीचं नाव 'बारा', दुसरीचं 'अकरा'. अकरा पुसून टाकली तर प्रश्नच मिटत होता. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बारा मिनिटांच्या आवाजाने एक मूल वाढवलं होतं, दुसरंही वाढवलं असतं. खरं तेच सांगायला हवं असं कुठे लिहिलंय? आणि खरं म्हणजे तरी काय, जी बाई सव्वीस वर्षं रोज घरात बोलली ती खोटी, आणि जी एका दुपारी अकरा मिनिटं बोलली ती खरी? त्याचं बोट दोनदा पुसायच्या बटणापर्यंत जाऊन आलं. मग डोक्यात भलतंच आलं, की 'बारा' पुसावी. त्याने बटणावरचा हात चटकन मागे घेतला. वर काटा उड्या मारत होता. त्याने खुर्चीवर चढून ते घड्याळ काढलं आणि पालथं करून टेबलावर ठेवलं. पालथं घड्याळ बघून त्याला आणखीच कसंतरी झालं, म्हणून परत खुर्चीवर चढून लावलं. तेवढ्यात दार उघडलं.

"बाबा, खुर्चीवर काय करतोयस?" छकू म्हणाली. छातीशी झोळीत नात, खांद्याला बाळाच्या सामानाची पिशवी. "पडशील. उतर. सावकाश."

तो सावकाश उतरला. तिने नातीला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसकण मारली आणि डोळे मिटले. ती चार वर्षांची असताना अशीच बसायची, टेप लागायच्या आधीच डोळे मिटून. "लाव," ती म्हणाली. "हिचं पोट भरलंय. एकदम शहाण्यासारखी ऐकेल." त्याने 'बारा'वर बोट ठेवलं. तिने डोळे मिटले नसते तर कदाचित दाबलंही असतं.

"छकू, एक चूक झालीय. माझ्या हातून."

तिने डोळे उघडले. "टेप खराब झाली?"

"टेप चांगली आहे. टेपच तेवढी चांगली आहे." आणि मग त्याने सांगितलं. धड सांगता आलं नाही. आधी कन्व्हर्टरपासून सुरुवात केली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे वळला, साठ आणि पासष्ट झालं, अठ्ठेचाळीस आणि चव्वेचाळीस झालं. पेशंटला रूट कॅनल समजावून सांगावं तसं सांगायला गेला आणि मधेच त्याची जीभ अडखळली. तिला एवढंच कळलं, आणि तेवढंच खरं होतं: आई अशी बोलत नव्हती.

"ऐकव," ती म्हणाली.

'अकरा' लागली. "एक होता टॉवेल. तो होता भित्रा." छकूचे ओठ हलायला लागले. पाठ होती तिला सगळी गोष्ट, तिला स्वतःलाही न कळता ती नेहमी बरोबर म्हणायची. पण ती "भित्रा"पर्यंत पोचली तेव्हा आई दोरीवर होती. ती दोरीवर आली तेव्हा आईचा टॉवेल उडालासुद्धा. तिने एक शब्द गाळून गाठायचा प्रयत्न केला, पुन्हा मागे पडली. कावळा आला तेव्हा ती गप्प झाली. तिचा चेहरा बघवत नव्हता. रस्त्यात अनोळखी बाईने आपल्याला नावाने हाक मारावी तसा तो झाला होता. नात मात्र कावळ्याला दचकली आणि टकाटका स्पीकरकडे बघत राहिली. गोष्ट संपली. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बंद.

"एवढी कसली घाई होती तिला?" छकूने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडातून निघालं, "गॅसवर दूध होतं."

बोलून गेल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, हे कुणी सांगितलं म्हणून. गॅसवर दूध होतं. स्वयंपाकघराच्या दारातच ती बसली होती, पाटावर, एक पाय उंबऱ्याच्या पलीकडे, म्हणजे उतू जायला लागलं की उठता यावं. माइक साखरेच्या डब्यावर ठेवला होता. तो वाकून कन्व्हर्टरचा दिवा बघायला लागला तर तिने मागून त्याच्या पाठीत कोपर मारलं होतं: "आटप रे, चालू कर! किती वेळ बघतोस त्या डब्यात? दूध आहे गॅसवर!" म्हणून त्याने बघितला नव्हता. आणि शेवटी खुर्ची सरकली ती त्याची होती, ती तर केव्हाच आत पळाली होती, आणि आतून ओरडत होती, "गेलं! तुझ्या मशीनपायी लिटरभर दूध गेलं! आता ये पुसायला!" फडकं त्याच्या अंगावर आलं होतं. ओलं, गरम, दुधाच्या वासाचं. ती हसत होती की चिडली होती ते तेव्हाही कळलं नव्हतं. आणि हे सगळं ती बोलत होती ते किनऱ्या, भराभर, शब्दावर शब्द पडणाऱ्या आवाजात, टेपवर नसलेल्या, कुठल्याही यंत्राने न मोजलेल्या. तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसला, हलला तर ते जाईल म्हणून. त्याने छकूला सांगितलं. साखरेचा डबा, कोपर, फडकं, सगळं. सांगताना तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

छकू हसली नाही. "सव्वीस वर्षं, बाबा," ती म्हणाली. "एकदा तरी बसून ऐकायचं होतंस."

"ऐकवत नव्हतं गं."

"मला ऐकवत होतं. रोज." मग तिच्या त्या खालच्या, जड आवाजात, एक एक शब्द खाली ठेवत तिने विचारलं, "मग मी कुणासारखी बोलते?"

काही गोड उत्तर असेल म्हणून त्याने शोधून पाहिलं. नव्हतं. "माझ्या चुकीसारखी," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. बघताना ती अगदी तिच्या आईएवढी होती, आई गेली तेव्हा होती तेवढीच, अठ्ठावीस वर्षांची. हेही आज त्याला पहिल्यांदाच कळलं. आता ही उठणार, पिशवी उचलणार आणि जाणार, असं त्याला वाटलं, आणि ते बरोबरच झालं असतं. ती उठली. नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. खोलीत एक चक्कर मारली, काचेपाशी उभी राहिली, परत आली आणि यावेळी सोफ्यावर नाही, स्पीकरच्या समोर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. डोळे उघडे ठेवून.

"लाव परत," ती म्हणाली. "हीच."

त्याने लावली, आणि या वेळी तो उठून गेला नाही. "एक होता टॉवेल," बायको म्हणाली. "एक होता टॉवेल," लेक म्हणाली, मागून. पुन्हा आई पुढे निघाली, दोरीवर, वाऱ्यावर, गच्च्यांवरून. लेक धावत होती, तिला जमेल तितकं धावत होती, शब्द गाळत, धापा टाकत. चिमट्यापाशी तिची जीभ वळेना आणि ती अडकलीच. तेव्हा तिने हात पुढे केला, स्पीकरच्या जाळीला बोटं लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईशी बोलली.

"थांब की गं जरा," ती म्हणाली. "मी येतेय ना."

पण ती कशाला थांबतेय, गॅसवर दूध होतं.